भिवाजी त्या दिवशी कुठं होता?

शाळेतले बाकीचे शिक्षक तिला मागून 'पंचनामा मॅडम' म्हणतात. आकांक्षाला ते ठाऊक आहे, आणि तिला त्याचा राग येत नाही. नाव पडलं ते तिच्या सवयीनं. इतिहासाचा तास सुरू झाला की ती पोरांना पुस्तक मिटायला लावते. पिशवीतून कधी जुनं रेशनकार्ड काढते, कधी कुणाच्या लग्नातला काळापांढरा फोटो, तर कधी पितळेचं चेपलेलं माप. ते टेबलावर ठेवते आणि विचारते, "हे काय सांगतंय? आणि काय लपवून राहिलंय?" मग रस्त्यात मोटारसायकल घसरल्यावर माणसं जमावीत तशी आठवीची पोरं त्या वस्तूभोवती जमतात.

ही सवय तिला पहिल्या नोकरीत लागली. त्या शाळेत एका पोरानं पेपरात सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली.' तिनं पूर्ण गुण दिले. मधल्या सुट्टीत तेच पोरगं खिचडीचं ताट घेऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं. त्याला कुणी तिकडं बस म्हणालं नव्हतं. पायच तिकडं गेले. आकांक्षा ताटाकडं बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, आपण गुण दिले ते कशाला दिले? वाक्याला दिले. त्या दिवसापासून तिचा नुसत्या वाक्यावरचा भरवसा उडाला.

ती सेनगावात राहते. सकाळी साखऱ्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची अर्धी जागा तिची ठरलेली. तीन वर्षांमागं बदली झाली ती थेट माहेरच्याच गावात. त्यात सुख आहे तशी तकलीफही आहे. फळ्यापुढं ती मॅडम असते, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की "सोनाजीची आका चालली बघा." सोनाजी तिचे वडील. एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झाले. अजूनही दारात दोन माणसं थांबली तरी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात.

यंदा दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, रानात तुरीला शेंगा धरल्या, आणि संविधान दिन जवळ आला. आकांक्षानं आठवीचा वर्ग देवळामागच्या जुन्या विहिरीवर नेला. नळ आल्यापासून तिच्यावर लोखंडी जाळी आहे, पण दगडी काठ तसाच उघडा आहे.

"काठाला हात लावा," ती म्हणाली. "डोळ्यांनी नंतर बघा, आधी बोटांनी बघा."

पाटलांच्या घरची प्रियंका वाकली. दोर घासून घासून दगडाला खाचा पडल्या होत्या. "मॅडम, हितं माझी करंगळी पूर्ण बसतीय."

भीमनगरातला प्रज्ञेश मावळतीच्या बाजूला होता. "हिकडं न्हाई बसत. नुसतं घासल्यावानी हाय."

"काहून?"

"हिकडून दोर कमी दिवस ओढला."

"पण काहून कमी?"

बंटी म्हणाला, "तिकडचं पानी खारं असंल."

"विहीर एकच हाय ना रे बाबा," प्रियंका म्हणाली, आणि सगळे हसले. प्रज्ञेश हसला नाही. तो म्हणाला, "माझी आजी सांगती. आमच्या बाया ह्या बाजूला घागरी ठेवून उभ्या ऱ्हायच्या. कुणी वरून वाढलं तर पानी. आपल्या हातानं भरायचं न्हाई."

हसू थांबलं. आकांक्षानं विचारलं, "मग हा दगड काय सांगतोय?"

प्रियंकानं सावकाश जुळवून सांगितलं, "हितं लई वर्षं दोर टाकू दिला न्हाई. मग टाकू दिला."

"दिला, का टाकला?"

प्रज्ञेशनं पुन्हा काठावर बोट फिरवलं. "ते दगडाला न्हाई ठाऊक, मॅडम."

"मग कुणाला ठाऊक?"

"म्हाताऱ्या मानसांना."

"मग जा म्हाताऱ्या माणसांकडं. पहिला दोर कुणी टाकला, विचारा. आणि ज्यानं सांगितलं त्याला ते कसं ठाऊक, तेही विचारा."

खरं तर उत्तर सगळ्या गावाला पाठ होतं, आणि आकांक्षाला तर पाळण्यातच मिळालेलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात तिचा आजा भिवाजी हलगी वाजवत वीस गडी घेऊन विहिरीवर गेला, सगळ्यांसमोर पोहरा सोडला, पाणी काढलं, ओंजळीनं प्याला. दर जयंतीला कुणी ना कुणी हे भाषणात सांगायचं. यंदा भीमनगरच्या पोरांनी ठरवलं होतं की संविधान दिनाला विहिरीजवळ फलक लावायचा: 'या विहिरीवर भिवाजी यांनी प्रथम पाणी भरले.' सोनाजींनी ते वाक्य स्वतः तयार केलं होतं. सेनगावच्या पेंटरला मजकूर सांगून झाला होता, शुक्रवारी बोर्ड रंगवून मिळणार होता. कार्यक्रमात आठवीची पोरंही आपला शोध वाचून दाखवणार होती. आकांक्षाला वाटलं होतं, दोन्ही गोष्टी एकमेकींना शोभतील.

सोमवारी प्रियंकानं घरचा मोबाइल आणला. त्यात तिच्या आजोबांचा, संतराम पाटलांचा आवाज होता.

"बहात्तरचं इचारती का? व्हय, बायांनी भरलं होतं पानी. भिवाजी? भिवाजी कुठं होता त्या दिवशी गावात. त्याची टोळी हट्ट्याकडं गेल्ती, दुष्काळी कामावर, खडी फोडायला. मीच बैलगाडीनं नेऊन घातलं होतं त्यांना मोठ्या रस्त्यापतुर. आता बंद कर ते, अन् चहा सांग तुझ्या मायला."

मग प्रज्ञेश उभा राहिला. "ते पाटील हायत. ते असंच म्हननार."

"माझे आजोबा खोटं बोलत न्हाईत."

"खोटं म्हनलो का मी? ते असंच म्हननार, एवढंच म्हनलो."

"म्हंजी तेच की."

"बसा दोघंबी," आकांक्षा म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, पण हातातला खडू उगाच फिरत होता. "प्रज्ञेश बराबर बोलला. सांगणाऱ्याचा फायदा कशात आहे, हे बघायला पाहिजे. हे एका माणसाचं सांगणं आहे. आपण ते सध्या बाजूला ठेवू."

प्रियंका बसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, एक इचारू? एरवी एकाचं ऐकलं की तुमी दुसऱ्याकडं धाडता. आज बाजूला ठेवा म्हनता. काहून?"

आकांक्षानं घंटेकडं पाहिलं. घंटा व्हायला अवकाश होता. "उद्या सांगते," ती म्हणाली, आणि फळा पुसायला लागली. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती जीपकडं न जाता माहेरी गेली. सोनाजी ओट्यावर बसून फलकाचा मजकूर पाठ असल्यासारखा पुटपुटत होते. तिनं चहा होईपर्यंत दम धरला, मग विचारलं.

"बाबा, आजा त्या दिवशी गावात होता का?"

"कोन्त्या दिवशी?"

"विहिरीच्या."

"न्हवता तर पानी काय पोस्टानं काढलं?"

"संतराम पाटील म्हणतात, तो हट्ट्याला होता."

सोनाजींनी कपबशी खाली ठेवली. ते आवाज चढवणारे नव्हेत. एसटीत भांडणारं गिऱ्हाईकही ते बसल्याजागी गार करायचे. "आता पाटलाच्या तोंडून आपन आपला बाप शिकायचा का?"

"मी विचारतेय. तुम्हाला काय आठवतं?"

"मी सहा वर्षांचाबी न्हवतो. मला त्यांची पाठ आठवती. काळीनिळी. माय मिठाची पुरचुंडी तापवून शेकायची अन् ते तोंड दाबून पडायचे. तो मार काय हट्ट्याला बसून खाल्ला का त्यांनी?" मग ते म्हणाले, "पोरांना खाचा सांगू दे, दगड सांगू दे. माझ्या बापाचं राहू दे. शुक्रवारपतुर तुझी शाळा शाळेत ठेव, आका."

जीपमध्ये तिच्या मांडीवर कुणाची तरी पिशवी होती आणि खिडकीतून कापसाचे ढिगारे मागं पळत होते. वडिलांवर तिला राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. तिनं वर्गात तेच केलं होतं जे बाबा ओट्यावर करत होते, फक्त शुद्ध भाषेत. त्या वेळची माणसं आता उरलीत तरी किती? भीमनगरात एकच, पेमाआजी. आणि तीन वर्षांत आपण तिला 'बरी हायस का' याच्यापुढं काही विचारलं नाही. कारण उत्तर आपल्याकडं आधीच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती प्रियंका आणि प्रज्ञेशला घेऊन पेमाआजीकडं गेली. आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. प्रियंकाला बघून म्हणाली, "ही कुनाची? पाटलाची? बस, बाई. सोलू लाग. हात रिकामे ठेवून गप्पा मारनारी मानसं मला आवडत न्हाईत."

तिघंही सोलायला बसले. विचारायचं पोरांनी, असा आकांक्षाचा नियम होता.

प्रज्ञेशनं घसा साफ केला. "आजी, बहात्तरला विहिरीवर पहिला दोर कुनी टाकला?"

"गावाला इचार की. सांगतेत ना माइकवर."

"तुला इचारतोय."

म्हातारीनं आकांक्षाकडं पाहिलं. "सोनाजीला ठाऊक हाय का, तुमी हितं आलाव ते?"

"नाही," आकांक्षा म्हणाली. "पण तू सांग, आजी. मी त्यांना सांगीन."

पेमाआजीनं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली. "आपल्या वस्तीची विहीर आटली होती. सकाळपासून आमी चौघी घागरी घेऊन उभ्या. वाढायला कुनी येईना. कोन येनार? सगळी बाया-मानसं दुष्काळी कामावर. ऊन डोक्यावर आलं. पोहरा काठावर तसाच पडलेला. देवला म्हनली, वाढनारं मानूस न्हाई, पर पोहरा तर हाय. अन् तिनं उचलला. टाकला. आमी हसलो, खरं सांगते. भ्यालो पन अन् हसलो पन. चार घागरी भरल्या अन् आलो."

"हलगी?" प्रज्ञेशनं विचारलं.

"कशाची हलगी रं. कुत्रं बी न्हवतं तिथं."

"मग भिवाजी आजोबा?"

"त्याला काय ठाऊक? तो हट्ट्याला."

प्रज्ञेशचा हात शेंगेवर थांबला. प्रियंका त्याच्याकडं बघणार होती, पण तिनं मान खाली घातली आणि सोलत राहिली. आकांक्षाला ते दिसलं.

तेवढ्यात कुडाच्या फटीतून ओळखीचा खोकला आला. मग सोनाजी अंगणात आले. दारातल्या चपला बघून ते बाहेरच ऐकत थांबले असणार. "पेमाकाकू," ते शांतपणे म्हणाले, "बापाचं नाव मग गावात कुठून आलं? तुमीच सांगितलं ना चावडीवर? मला माय म्हनायची, पेमानं नाव घेतलं म्हनून."

"म्याच घेतलं. बस."

"बसत न्हाई."

"मग उभा ऐक. देवळाकडून कुनीतरी बघितलं. संध्याकाळी चावडीपुढं बोलवलं. कुनाच्या सांगन्यावरनं भरलं? चौघी गप. आता खरं सांगितलं तर देवला मार खानार, पोटुशी होती ती. मी म्हनले, भिवाभाऊनं सांगितलं. काहून त्याचं घेतलं? तो लांब होता म्हनून. म्हनलं, हट्ट्यापतुर मारायला कोन जातंय." ती ओशाळवाणं हसली. "तवा मी पोरगी होते रं. तो पुन्हा घरी येनार, हे ध्यानातच आलं न्हाई."

सोनाजी बसले.

"आठ-पंधरा दिवसांनी आला. गावात पाय टाकला अन् थेट चावडीवर नेला. तू सांगितलं का बायांना? त्याला तर पानी भरलं हेच ठाऊक न्हवतं. आमी कडंला उभ्या. मी नजर खाली घातली. त्यानं आमच्याकडं बघितलं. लई येळ न्हाई, एवढुसं. अन् म्हनला, व्हय, म्या सांगितलं."

अंगणात कोंबडी सुपाकडं आली, पण तिला कुणी हुसकलं नाही.

"मग मारला," पेमाआजी म्हणाली. "दोन पावसाळे कुनी कामाला बोलवला न्हाई. एकदा मी गेले पाया पडायला. म्हनला, पुढच्या येळी आधी सांगत जा गं पेमा, म्हंजी पाठीला तेल चोळून येत जाईन. अन् म्हनला, आता माझं नाव घेतलंच हायस तर माझ्यावरच राहू दे. देवलाला लेकरू झालंय. म्हनून राहू दिलं. पर पानी आपन काढलं, असं तो कदी कुनाला म्हनला न्हाई. तो मेल्यावर सेनगावचा कुनी आला होता भाषनाला, त्यानं हलगी घातली अन् गडी घातले. मला वाटलं, घालू दे. एवढा मार खाल्ला मानसानं, थोडी हलगी काय जड झाली का?"

प्रज्ञेशनं हळूच विचारलं, "कुनी मारलं, आजी?"

आजीनं प्रियंकाकडं पाहिलं. "पाच-सहा जन होते. तुझा पणजा होता त्यात. आजा न्हवता तुझा."

प्रियंकाच्या मांडीवर वही होती. तिनं पेनचं टोपण काढलं आणि मॅडमकडं बघितलं. "हे बी लिहू?"

आकांक्षाला 'हो' म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली, "घरी तुला जायचंय, प्रियंका. तू ठरव."

प्रियंकानं थोडा विचार केला. "सोनाजी आजोबांचं लिहिलं, मग आमचं गाळलं तर बराबर दिसनार न्हाई," ती म्हणाली, आणि लिहायला लागली.

सोनाजी बराच वेळ सुपातले दाणे उगाच सारखे करत राहिले. आकांक्षा त्यांच्याजवळ सरकली. "बाबा, कार्यक्रमात पोरं हेच वाचतील. मी त्यांना थांबवणार नाही. तुम्हाला आधी सांगायचं होतं, पण तुम्हीच आधी आलात."

"त्यांना ठाऊक न्हवतं," सोनाजी म्हणाले. ते तिच्याशी बोलत नव्हते. "कशाचा मार हाय, हेच ठाऊक न्हवतं. अन् व्हय म्हनले." मग त्यांनी धोतराला पुसावा तसा पँटीलाच हात पुसला आणि खिशातून मोबाइल काढला. "आज मंगळवारच हाय. पेंटरनं रंग कालवला नसंल अजून."

"काय करताय?"

"थांब जरा." फोन लागला. सोनाजींनी तो समोर धरून मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, जणू पेंटर बसच्या शेवटच्या सीटवर बसलाय. "मजकूर बदलायचा. लिहून घे. 'दुष्काळात या विहिरीवर पेमाबाई...'"

"माझं आधी कशाला?" म्हातारी म्हणाली. "पोहरा देवलानं उचलला. तिचं आधी घाल. मेली म्हनून मागं टाकू नको."

"'देवलाबाई, पेमाबाई...' अन् दोघी कोन, काकू?"

"कमल अन् आशा."

"'कमलबाई व आशाबाई यांनी आपल्या हाताने पाणी भरले.' घेतलं? आता खाली दुसरी ओळ. 'चावडीपुढे विचारल्यावर भिवाजी म्हणाले...'" सोनाजी अडले. त्यांनी आकांक्षाकडं पाहिलं. "काय म्हनले म्हनू?"

"ते म्हणाले तेच," ती म्हणाली.

"'भिवाजी म्हणाले, व्हय, म्या सांगितलं.' अस्संच लिही. शुद्ध करू नको."

पलीकडून पेंटर कुरकुरला. त्याचा आवाज अंगणभर ऐकू आला. "साहेब, आधी एक ओळ होती. बोर्ड तेवढाच हाय. एवढं बसायचं न्हाई त्यात."

"अक्षरं बारीक कर."

"मग लांबून दिसनार न्हाई."

"न दिसू दे," सोनाजी म्हणाले. "जवळ येऊन वाचतील."